साड्यांच्या नाचाचा शेवट

तुम्ही विचारता ना, त्या साड्यांच्या नाचाचा शेवट मला कसा सुचला? मला नाही सुचला, बाबांनी बसवलाय तो.

बाबा उल्हासनगरात साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. गादीवर बसून साडी फेकायची त्यांची लकब घेऊन मी नाच बसवत होते. बदलापूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम चालायची. माझ्या क्लासच्या चार मुली साड्या उलगडत जायच्या आणि शेवटी त्या ढिगात उभ्या राहायच्या. एकदा बाबा डबा घेऊन आले, ते बघतच राहिले.

"अगं, घड्या कोण घालणार?"

"बाबा, नाच इथेच संपतो."

"साडी उघडायला काय लागतं? गिऱ्हाईक न घेता उठून गेलं, की खरं काम. तोंड पाडायचं नाही, घडी घालायची."

मी हसले आणि सोडून दिलं.

पहिल्या प्रयोगाला मोजून अकरा माणसं आली. त्यातली तीन मध्येच उठून गेली. संपल्यावर मी विंगेत रडत बसले. मग बाहेर येऊन बघते, तर बाबा रिकाम्या स्टेजवर मांडी घालून घड्या घालतायत.

"राहू द्या ना बाबा. कुणाला आवडलं नाही."

"हो, दिसलं मला. बस इथे." त्यांनी साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "काठ जुळव नीट. उद्याच्या गिऱ्हाइकाला काय कालची चुरगळलेली दाखवणार?"