एकतीस नंबरचा खिसा

मी खाली सही करणार, वय चव्वेचाळीस वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, दातांच्या दवाखान्याच्या वरचा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व मुलगी असे तिघे राहतो. पती ट्रक चालवतात व सध्या बाहेरगावी आहेत. त्यांना कळवले आहे. ते निघाले आहेत.

माझी मुलगी, वय पंधरा, दहावीत आहे. आज सकाळी शाळेला म्हणून घरातून गेली ती अद्याप परत आलेली नाही.

चालू वर्षाच्या सुरुवातीला शाळेने पालकांची सभा घेतली. मोबाइलमुळे मुलांच्या मनाचे आरोग्य बिघडत आहे, सबब शाळेच्या वेळेत मोबाइल जमा करून घेऊ, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. ते सांगत असताना निम्मे पालक मोबाइलमध्ये बघत होते. हात सगळ्यांनी वर केला. मीही केला. वर्गाच्या ग्रुपवर मुले माझ्या मुलीला 'टाचणी' म्हणत. आई शिवणकाम करते आणि पोरगी अंगाने बारीक, म्हणून. तिची चित्रे बनवून टाकत. ती चित्रे बघितली की मुलगी जेवत नसे. माझी थोरली नणंद म्हणाली, फोन सुटला की पोरगी माणसांत येईल. मला ते पटले.

मोबाइल ठेवायला प्रत्येक वर्गात भिंतीवर खिशांचा पडदा लावायचे ठरले. ते काम शाळेने मलाच दिले. जाड कापड, प्रत्येक खिशावर हजेरीचा नंबर, आणि समोरून पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे बाईंना खुर्चीतून न उठता दिसावे. माझ्या मुलीचा नंबर एकतीस.

पुढे शाळेने कळवले की मुले मधल्या सुट्टीत एकमेकांशी हसू-बोलू लागली आहेत. ते खरे आहे. काय बोलतात ते कळवले नव्हते. ग्रुपवर लिहायचे ते आता तोंडावर म्हणू लागले. तिची एक जुनी मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली आहे, तिच्याशी ही मधल्या सुट्टीत फोनवर बोलायची. तेही बंद झाले. एकदा कापड बेतताना मी तिला विचारले, आता त्रास कमी आहे ना गं? ती म्हणाली, "आई, फोन होता तेव्हा तो बंद तरी करता यायचा."

त्यावर मी वर्गशिक्षिकांना भेटले. त्या म्हणाल्या, या वयात चेष्टामस्करी चालायचीच, निदान बोलतायत तरी. तरीपण मुलीला समुपदेशकांकडे पाठवू, असे त्यांनी कबूल केले. समुपदेशकांची वेळ मोबाइलवरून घ्यावी लागते, आणि ती मुलांनी स्वतः, शाळेच्या वेळेतच घ्यायची असते. तशी वेळ मिळाली नाही.

मुलीचा मोबाइल कुठे आहे ते मला माझ्या मोबाइलवर निळ्या ठिपक्याने दिसते. आज दिवसभर ठिपका शाळेत होता. मी दुपारी पाहिला आणि बिनघोर बसून गिऱ्हाइकाचा कोट पुरा केला. संध्याकाळी ती आली नाही तेव्हाही ठिपका शाळेतच होता. जादा तास असेल असे समजून मी अंधार पडेपर्यंत थांबले, मग शाळेत गेले. फाटक बंद होते. रखवालदार म्हणाला, आत चिटपाखरू नाही. मी वर्गशिक्षिकांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आज हजर होती हो. खिसा भरलेला होता." साठ नावे पुकारण्यात वेळ जातो, म्हणून त्या खिसे बघून हजेरी मांडतात, हे मला तेव्हा कळले.

मुख्याध्यापक किल्ली घेऊन आले. वर्ग उघडला. एकतीस नंबरमध्ये मोबाइल होता, बाकी खिसे रिकामे. ते पाहून मुख्याध्यापकांना हायसे वाटले. मोबाइल इथे म्हणजे मुलगी आवारातच, हल्लीची पोरे फोन टाकून कुठे जातात, असे ते म्हणाले. आम्ही स्वच्छतागृहे, प्रयोगशाळा, गच्ची पाहिली. पाण्याच्या टाकीचे झाकणही काढून पाहिले. ती नव्हती. मग रखवालदाराला आठवले की सकाळी घंटेच्या आधी एक मुलगी वही विसरली म्हणून फाटकाबाहेर गेली होती. कोणत्या बाजूला वळली ते त्याने पाहिले नाही.

तिच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला वर्गशिक्षिकांनी फोन करून विचारले. ती म्हणाली, "टाचणी आज नव्हती का?" ती मुलगी वाईट नाही. तिला खरोखरच माहीत नव्हते.

मोबाइल माझ्या ताब्यात मिळाल्यावर मी नणंदेसोबत पोलीस ठाण्यात आले. अमलदारांनी मुलीचा मोबाइल नंबर मागितला, लोकेशन काढतो म्हणाले. मी पर्समधून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्यांनी नंबर तरीही लिहून घेतला. मुख्याध्यापक ठाण्यात आले होते. हजेरीचे तेवढे जबाबात घालू नका, शाळेत बाकीचीही मुले आहेत, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मी घातले आहे.

वर्णन विचारल्यावरून सांगते की, रंग गव्हाळ, केस खांद्यापर्यंत, अंगावर शाळेचा गणवेश. अंगाची मापे मी अमलदारांना दिली आहेत, पण ती वर्षाच्या सुरुवातीची आहेत. गणवेश नंतर दोनदा आत घ्यावा लागला, तेव्हा कमी धरावीत. जवळची मैत्रीण कोण, असे विचारले. ती दुसऱ्या गावची, एवढी एकच. तिचा नंबर या मोबाइलमध्ये आहे. तो उघडत नाही, पासवर्ड मला माहीत नाही.

मुलगी कधीपासून दिसत नाही, असे विचारले. मी गणवेश पहिल्यांदा कधी आत घेतला ते आठवू लागले. अमलदारांनी सकाळचे साडेसात लिहिले आहे, कारण तिथे काहीतरी वेळ लिहावीच लागते. हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. साडेसात सोडून बाकी सगळे मी सांगितले तसे आहे.