आईच्या खोलीतला एसी

दुरुस्तीला टाकलेला पंखा न्यायला आलेल्या शिक्षिकाबाई दुकानातल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या आधी आलेला पन्नाशीचा एक गृहस्थ दुकानदाराकडे एसीची चौकशी करत होता. ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं कानावर पडत होतं.

“खोली केवढी आहे, साहेब?”

“दहा बाय बारा. वर गच्ची आहे, त्यामुळे भट्टीसारखी तापते.”

“मग दीड टनाचा घ्या. फिटिंग, तांब्याची नळी आणि बाहेरच्या युनिटचा स्टँड यांचे वेगळे पडतील. वायरिंग जुनं आहे का?”

“जुनंच आहे. म्हणून तर गेल्या उन्हाळ्यात राहून गेलं. वायरिंग बदला, भिंत फोडा, एवढा पसारा कोण काढणार? मीच आईला म्हटलं, दोन महिने ताईकडे जाऊन ये.”

“बरं केलंत. म्हातारं माणूस उकाड्यानं हैराण होतं.”

“हो. पण ती गेली ती तिकडचीच झाली. फोन केला की म्हणते, माझं इथे छान चाललंय, तू उगाच खर्चात पडू नकोस.”

“एसी लागला म्हटल्यावर येतील हो.”

“बघू.”

“त्यांचा पलंग कुठल्या भिंतीला आहे? हवा थेट अंगावर यायला नको.”

“पलंग ताईनं मागच्या आठवड्यात टेम्पो पाठवून नेला.”

दुकानदाराचं पेन कागदावर थांबलं. शिक्षिकाबाई उगाच पर्समध्ये पावती शोधू लागल्या.

“मग कसं करू या, साहेब?”

“खिडकीखाली असायचा. तिथेच आहे असं धरून लावा.”