पिंडीवरचं कच्चं दूध

या मंडळी, या! पुढं सरका. अहो खांबाला टेकलेले पाहुणे, खांब पडत नाही, सोडा त्याला! जवळ या. आज कीर्तनात एक गोष्ट सांगतो. गोड नाही हं. कडू आहे, कारल्यासारखी. पण घशाखाली उतरवल्याशिवाय उठायचं नाही.

आधी एक प्रश्न. खोटं बोलणं पाप — हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माणूस बोललाच नाही तर? नुसता तोंड मिटून बसला, तर त्याच्या हातून पाप घडतं का? ... बघा, गप्प बसलात! बसा. उत्तर गोष्टीतच आहे.

बोरवंड नावाचं गाव. गावात महादेवाचं देऊळ, आणि देवळाशेजारी केरबा थोरबोल्याचा गोठा. श्रावणी सोमवारी पिंडीवर अभिषेक व्हायचा तो केरबाच्या गाईच्या दुधाचा. आज्यापासूनचा मान! भिवा गुरव तांब्या उचलायचा आणि भर देवळात पुकारायचा — "दूध थोरबोल्याचं!" तेवढं ऐकलं की केरबाची छाती अशी फुगायची, सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी! हसता काय? तुमचं नाव वर्गणीच्या पाटीवर खाली पडलं तर तीन दिवस जेवत नाही तुम्ही!

तर त्या वर्षी आषाढात केरबाची गाय, चांदणी, आठव्या महिन्यात गाभडली. मेलेलं वासरू पडलं. जार, म्हणजे वासराची वार, पडेना. गुरांच्या दवाखान्यातल्या वाघचौरे डॉक्टरीणबाई आल्या. कोपरापर्यंत हातमोजे घालून जार काढली, खड्डा खणून चुन्यात पुरायला लावली, गाईचं रक्त तपासायला नेलं. आठ दिवसांनी परत आल्या.

"काका, गाईच्या अंगात रोगाचे जंतू आहेत. गाभडवणारा रोग. तो माणसालाही होतो."

"माणसाला? ढोराचा रोग?"

"होतो. कच्च्या दुधातून होतो, जारीला उघडा हात लावला की होतो. ताप येतो, सांधे धरतात. घरात कुणी पोटुशी आहे?"

होती हो! केरबाची लेक मंजुळा. लग्नाला सहा वर्षं झाली, तेव्हा कुठं दिवस राहिले होते. पाचवा लागला होता, माहेरी आली होती.

"मग तिला गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका. आणि दूध खळखळ उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडी जाऊ देऊ नका. कुणाच्याच!"

केरबानं ऐकलं बरं का! चुलीपुढं स्वतः बसायचा. दूध उतू जाईपर्यंत उकळायचा. का, ते लेकीला सांगितलं नाही — पोर घाबरेल म्हणून. लेक म्हणायची, "आबा, अहो बासुंदी झाली की याची!" तर हा म्हणायचा, "होऊ दे. माझ्या नातवाला बासुंदीच लागणार हाय." असा बाप! माया काय कमी होती?

आणि आला श्रावण. पहिला सोमवार.

आता उकळलेलं दूध पिंडीला चालत नाही. धारेचं, कच्चंच लागतं. कुणी सांगितलं? कुणी नाही. पण लागतं! केरबा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभा. गुरवाला खरं सांगावं, तर मान जाणार दगडू शेळक्याच्या घरी. आजा वरून काय म्हणेल? मग केरबानं मनाची समजूत काढली — पिंडीला कुठं ताप येतोय? देवाच्या अंगावरून गेलं की त्यात रोग राहतोय व्हय?

वा रे भक्ता! देवावर एवढा भरवसा होता, तर घरी चुलीपुढं घामाघूम कशाला होत होतास?

"दूध थोरबोल्याचं!" भिवानं पुकारलं. धार पिंडीवर पडली. खालच्या घंगाळात जमलं. दही, तूप, मध, साखर — झालं पंचामृत. चाळीस माणसं रांगेत. आणि मंडळी, रांगेत तिसरी कोण? मंजुळा! सहा वर्षांचा नवस होता तिचा.

भिवानं पळी भरली. मंजुळेनं ओंजळ पुढं केली. केरबा हाताच्या अंतरावर उभा! एकच शब्द बोलायचा होता — "थांब." एकच! ओठ हलले त्याचे. पण मागं दगडू शेळके उभा होता.

मंजुळेनं तीर्थ घेतलं. वर हसून म्हणाली, "भिवाकाका, अजून एक पळी. पोटातल्याची!"

... मृदंग थांबवा जरा, बुवा.

असे चार सोमवार. चार सोमवारी दोन-दोन पळ्या. पोळ्यानंतर मंजुळेला ताप चढला. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा. घामानं अंथरूण भिजायचं, कंबर मोडून यायची. भिवा गुरवही अंथरुणाला खिळला. तालुक्याच्या डॉक्टरांनी मंजुळेला विचारलं, "बाई, कच्चं दूध पिता का?"

"न्हाई ओ डॉक्टर! आमचे आबा बासुंदी होईस्तोवर उकळत्यात."

केरबा खाटेशेजारीच बसला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं खाली फरशीकडं बघितलं. डॉक्टरांनी दुसऱ्याच तापाच्या गोळ्या दिल्या.

बाराव्या दिवशी मंजुळेचं पोट रिकामं झालं.

आणि गावातल्या बाया काय म्हणाल्या? "कसला तरी विटाळ घेऊन देवळात शिरली असंल. कोप झाला!" सासूनं निरोप धाडला — बरी झाली तरी घाई नको, ठेवा तिकडंच. आणि ती पोर तापात बापाला विचारत होती, "आबा, माझं काय चुकलं ओ?"

तेव्हा कुठं बापाच्या तोंडाचं कुलूप निघालं. केरबा देवळात गेला, गावापुढं उभा राहिला, सगळं ओकला. वाघचौरेबाईंनी स्वतः तालुक्याला जाऊन डॉक्टरांना सांगितलं, मंजुळेला नि भिवाला योग्य औषध सुरू झालं. सहा आठवडे गोळ्या खाल्ल्या, ताप गेला. केरबानं बाईंचे पाय धरले — "बाई, आधी बोललो असतो तर लेकरू वाचलं असतं का?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, काका. पण औषध तरी वेळेवर पोचलं असतं." ना हो, ना नाही! आता बस जन्मभर त्या उत्तराजवळ!

आणि गाव? गाव पेटलं! "रोगट गाईचं दूध देवाला वाहिलं!" अकरा घागरी गंगाजळ आणून पिंडी धुतली. शुद्ध झाली म्हणे. त्या धावपळीत मंजुळेच्या दारात एक माणूस फिरकला नाही. आणि श्रावण सरला होता तरी पुढच्या सोमवारी शुद्धीचा म्हणून अभिषेक घातला, आजारी भिवाच्या जागी त्याच्या भावानं तांब्या उचलून पुकारलं — "दूध शेळक्याचं!" कच्चंच. शेळक्याच्या गाईचं रक्त कुणी तपासलं? कुणी नाही!

आता सांगा, पापी कोण? केरबा? बोट दाखवायला सोपा आहे तो. चार सोमवार गप्प बसला, पाचव्यांदा डॉक्टरांपुढं गप्प बसला आणि सहाव्या वेळी तोंड उघडलं. तुम्ही कितव्या वेळी उघडणार? तुमच्यातल्या किती गोठ्यांत यंदा गाय गाभडली? डॉक्टरांना बोलावलंत, की जार कुत्र्यांपुढं टाकून गाय बाजारात उभी केलीत? खाली बघू नका, माझ्याकडं बघा! मीही चाळीस वर्षं गावोगाव तीर्थ घेतलं, दूध तापवलं का म्हणून एकदाही विचारलं नाही. देवाचा राग येईल म्हणून नाही हो. यजमानाचा येईल म्हणून!

मंजुळा बरी आहे. माहेरीच आहे. तिच्या लेकराचं बारसं झालं नाही, म्हणून त्याला नाव नाही. नाव नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी दिवा लावत नाही. मंडळी, माझ्या पदरात दक्षिणा टाकू नका आज. घरी जाल, देवापुढं बसाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल — तेव्हा सगळ्यांत शेवटी घटकाभर थांबा, आणि बोरवंडच्या त्या बिननावाच्या जिवाची आठवण काढा.