रोलरवरची झेंडूची माळ

दसऱ्याला मशीनची पूजा करता ना? करा. पण माळ कुठं बांधता ते आधी बघा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या एका कारखान्यात आम्ही टायरचा चुरा अन् भंगार प्लास्टिक गरम रोलरमध्ये एकत्र मळून पायपुसण्यांचे ताव काढायचो. रोलरच्या वर एक आडवी दोरी होती. ती ओढली की मशीन जागेवर थांबायची. दसऱ्याला मी माळ त्या दोरीलाच गुंडाळली, अन् खाली लोंबू नये म्हणून दोरीसकट वरच्या दांडीला आवळली.

दुसऱ्या दिवशी माझ्या जोडीला धुळ्याकडचा सुपडू होता. म्हणाला, "आबा, दोरी सोडी देऊ का?"

मी खेकसलो, "सुकल्याबिगर माळ काढत नसतात. काम कर."

तासाभरात टायरमधला नायलॉनचा धागा त्याच्या बोटांना गुंडाळला अन् हात रोलरकडे ओढला गेला. "आबा, दोरी वढा!" मी ओढली. मुठीत नुसते झेंडू आले. मेन स्विचपर्यंत पळालो, तोवर पंजा गेला होता.

दवाखान्यात मालकानं विचारलं, "दोरी कोणी बांधली?"

मी तोंड उघडायच्या आत सुपडू बोलला, "मीच बांधेल व्हती."

मालक बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "खोटं कशाला बोललास रे?"

"मना हात ते गया, आबा. तुमनी नोकरी तरी ऱ्हाऊ द्या."

मालक दाराबाहेरच उभा होता. दोन पावलं टाकून खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सुपडूला चूक त्याचीच म्हणून काढून टाकलं, अन् मी त्याच मशीनवर म्हातारा झालो.