नववी मागणी

(टोकावड्याजवळचं गाव. संघटनेचा सावळाराम ओटीवर मोर्च्याचं निवेदन लिहितोय. शेजारी त्याची कॉलेजातली मुलगी रुचिता. कातकरीवाडीतली मंगळी खाली अंगणात बसलीय.)

मंगळी : नववी मंजे सगळ्यात खाली ना, दादा?

सावळाराम : खाली-वर काय नसतं गो. भाताचा बोनस पयला, म्हणजे शेतकरी जास्ती येतील. मग रोजगार हमी, मजुरीवाढ. आधी पोटाचं, मग बाकीचं.

मंगळी : घराखालची जागा आमच्या नावावर करा, हे बाकीचं?

सावळाराम : तसं नाय. टप्प्याटप्प्यानं घ्यावं लागतं.

मंगळी : बरं. मंग मोर्च्यात आमच्या बाया नवव्या रांगेत चालतील.

रुचिता : मग पुढे घोषणा कोण देणार, बाबा? कमळाकरकाका? त्यांचा आवाज फोनवरपण येत नाय.

सावळाराम : तू गप. मंगळे, दर वेळी बॅनर तर तुझ्याच हातात असतो.

मंगळी : काठी माझ्या हातात. वर काय लिवायचं ते तुमी ठरवता.

सावळाराम : अगो, मजुरी वाढली तर तुझाच फायदा ना?

मंगळी : वाढंल कशी? भाताच्या आवणीला, रोपं लावायला, पन्नास रुपये जास्ती मागितले, तर कमळाकरशेट काय बोलला? जागा माझी हाये, झोपडी उचल. झालं, आमी गप. पायाखाली जागा नाय, तर मजुरी मागायला तोंड कुठनं आणू?

रुचिता : मावशीचा पॉइंट बरोबर आहे.

सावळाराम : मलापण कळतो. पण कमळाकर माझा चुलतभाऊ. बोनससाठी साठ माणसं आणतोय. ही पयली केली तर रुसेल.

मंगळी : रुसंल, पन येईल. बोनस त्यालापन पायजे. बॅनरची एक काठी मी धरते, दुसरी त्याला द्या.

रुचिता : फोटो मी काढणार.

सावळाराम : (हसत) तुमी दोघी मला भावकीतनं उठवणार. आणि त्यानं खरंच झोपडी उचलायला लावली तर?

मंगळी : तर पोरंबाळं घेऊन तुमच्या अंगणात. पंधरा वर्सं इथंच तर बसते, सवय हाये मला.

सावळाराम : रुचिता, कोरा कागद दे. लिहितो. मागणी पयली, वाडीतली घरं ज्या जागेवर आहेत, ती जागा त्यांच्या नावावर करा.

मंगळी : बघू, कसं लिवलंय.

सावळाराम : खालनं काय दिसणार तुला? वर ये, ओटीवर.

मंगळी : सरका मंग जरा.