गेली का?

वामन: …भाताचा नाही, नले, बेकेलाइटचा वास तो. हे बघ, मागून पार वितळलाय. शेगडीचा स्विच आहे की गुळाची ढेप?

नलू: हळू बोला. आये ओट्यावर हाय.

वामन: हळूच बोलतोय. पक्कड कुठंय?

नलू: तुमच्या खिशात.

वामन: आणि टेस्टर?

नलू: दामूभावजींनी नेला तो. गणपतीपासून त्यांच्याकडंच हाय.

वामन: छान. शिफ्टची गाडी आता हॉर्न मारेल आणि मी इथं आंधळ्यासारखा भिंत चाचपतोय.

रंभाबाई: नलू, माझी पिशवी कुठं ठेवलीस गो?

नलू: कसली पिशवी, आये?

रंभाबाई: सुकट आणलेली ती. सुकट तुला ठेव, पिशवी मला दे. लुगडी भरायची हायत.

नलू: कशाला?

रंभाबाई: चिंचणीची गाडी लागली असंल नाक्यावर.

नलू: बघा. सकाळी काय बोललात त्याचं हे झालं.

वामन: काय चूक बोललो? उघड्या कॉइलवर भाताचा घास टाकतं का कोणी? लालभडक तार, करंट खेळतोय तिच्यात, आणि ह्या ओल्या हातानं—

रंभाबाई: अग्नीला घास घातल्याबगर आमी पान वाढत नाय, जावयबापू.

वामन: अग्नी चुलीत असतो, आई. हा करंट आहे.

रंभाबाई: लाल झाला, भात शिजवला. त्याला काय म्हणायचं मग?

वामन: कॉइल म्हणायचं!

रंभाबाई: बरं, कॉइल. कॉइलीनं आमाला जेवू घातलं, तिला उपाशी ठेवायची?

वामन: जेवली ना ती? जेवली आणि स्विच जाळून बसली.

रंभाबाई: तेच म्हणते मी. आज स्विच जळला, उद्या घर जळंल. मी जाते.

नलू: जाते म्हणू नकोस!

रंभाबाई: जाते तर जातेच म्हणणार.

नलू: कुठं जाशील? बाबा गेल्यापासून घराला कुलूप. शेजारचा विश्राम पण पोराकडं राहायला गेला. एकटीला काय झालं तर हाक मारायला कोण हाय तिथं?

रंभाबाई: जाऊन पयला मेन वर करीन. तुझ्या बापाचा कायदा. घर सोडलं की मेन खाली, घरी आलं की मेन वर, मग पाय धुवायचे. उजेड असला म्हणजे हाक कशाला लागते?

नलू: हो, मोठी मेनवाली! अख्खा पावसाळा इथं काढलास, पंख्याचं बटण तरी दाबलंस कधी? घामानं भिजून बसशील, पण नलू पंखा लाव, नलू दिवा लाव.

रंभाबाई: लोकांच्या बटणांना हात लावू नये.

नलू: लोकांच्या?

रंभाबाई: मी नाय म्हटलं. ‘काय ते तुमच्या घरी जाऊन करा’ कोण म्हटलं, ते इचार.

वामन: रागात तोंडातून गेलं. हात चिकटला असता म्हणजे? आमच्या खात्यात मी पाहिलाय माणूस चिकटलेला.

रंभाबाई: मग भीती वाटली म्हणायचं. घर काढायचं नाय.

वामन: …नले, मेन पाड. बोलत बसलो तर रात्रीचा भात नाही. रॉकेलचा डबाही कोरडा.

(मेन ओट्यावर, दारालगत. वामन आत, स्टुलावर. मधे भिंत. बोलणं दोन्हीकडून चालू.)

वामन: पाडलास?

नलू: आये, चपला काढ.

वामन: काय काढ?

नलू: तुमाला नाय! आये, ऐक माझं. त्यांचं तोंड तसं हाय, मनात काय नसतं.

रंभाबाई: तोंडाचं नाय गो, बाय. तुझ्या बापाचं तोंड काय गोड होतं? पण त्याच्या शिव्या माझ्या घरातल्या होत्या.

वामन: नले! लाल वायरला हात घालायचाय मला!

नलू: थांबा जरा! आये, मांदेली तरी घेऊन जा. सुलूच्या स्टोववर तळायला दिलीत, शेगडी नाय म्हणून. हितंच उभी राहा, हलू नको. पलीकडच्या खोलीत तर जायचंय, डबा घेऊन आलेच.

रंभाबाई: पळू नको, पडशील.

वामन: नले?

रंभाबाई: ती सुलूकडं गेली. जावयबापू, तुमी आतच हायत का?

वामन: आत नाही तर कुठं? भिंतीत हात घालून बसलोय.

रंभाबाई: घातला?

वामन: घालतोय. लेक तुमची मेन पाडेल तेव्हा.

रंभाबाई: बरं.

वामन: बरं काय बरं!

रंभाबाई: येते मी.

वामन: हं.

नलू: आये, हे बघ, गरम हाय अजून, पदराखाली— आये? आये!

वामन: गेली का?

नलू: गेली.

वामन: नक्की?

नलू: गेली म्हणते ना! दिसत पण नाय.

वामन: दिवसाउजेडी दिसणार कशी? चल, हात घातला… ही निघाली लाल. ही काळी. अरे… नले, इकडं ये. हे बघ.

नलू: काय बघू? कोळसा झालाय.

वामन: स्क्रू बघ. नुसता टेकलाय, पिळलेलाच नाही. सैल वायर तापत राहिली, तापत राहिली, आणि जळाला.

नलू: म्हणजे घासानं नाय?

वामन: घास शेगडीवर, स्विच भिंतीत. घास काय चालत गेला?

नलू: सकाळी हे सुचलं नाय ते. स्विच बसवला कोणी होता?

वामन: तो नवा स्विच कुठं ठेवलास?

नलू: मी इचारते, बसवला कोणी होता?

वामन: पक्कड दे. नवा धर असा. हां. आता पिळतो, हत्ती लटकला तरी सुटायचा नाही. झाकण. झालं. जा, मेन वर कर.

नलू: मी कुठं खाली केलाय?

वामन: मग गेली म्हणालीस ती?

नलू: आये गेली म्हटलं!

वामन: मी लाईटचं विचारत होतो!

नलू: तुमी म्हटलात, गेली का. दारात आये नाय, मी म्हटलं, गेली.

वामन: नले, मी वायर दातांनी सोलली.

नलू: अगो बाय! हात दाखवा. तोंड दाखवा. आ करा!

वामन: काही नाही झालं मला. थांब… काही झालं कसं नाही? जा, मेन बघ. लांबून बघ, लावू नको हात.

नलू: खाली हाय.

वामन: काय?

नलू: दांडी खाली हाय.

वामन: सुलू आली होती इकडं?

नलू: सुलू माझ्यासमोर मांदेली काढत होती. ओट्यावर आये एकटीच.

वामन: ती तर बटणाला हात लावत नाही.

नलू: लोकांच्या.

वामन: …आत हायत का, म्हणून विचारलं तिनं मला. हात घातला का, विचारलं. मला वाटलं, टोमणा मारते म्हातारी. आणि येते म्हणाली.

नलू: जाते नाय?

वामन: येते. कानांनी ऐकलं.

नलू: अहो, हॉर्न. तुमची शिफ्टची गाडी.

वामन: वाजू दे. सायकलची चावी कुठंय? चिंचणीची सुटली असेल का?

नलू: त्या गाडीचा ड्रायव्हर चहा पिल्याबगर हलत नाय. हा डबा घ्या. काय बोलाल तिला?

वामन: स्क्रू सैल होता म्हणेन.

नलू: एवढंच?

वामन: भात व्हायचाय, घास कोण घालणार, म्हणेन. फक्त स्विच बंद करून घाला, एवढं ऐका म्हणेन. आणि भीती वाटली होती, तेही.

नलू: पिशवी तुमीच हातातून घ्या, मागून ती द्यायची नाय. तोवर मी शेगडी लावून बघते. मेन वर करते.

वामन: तू नको. घरी आली की ती करील वर.