सात नंबरचा ड्रॉवर

"हॅलो? …हॅलो, कोण? …अक्का? अगं, हा ऑफिसचा नंबर तुला कुणी दिला? …मोबाईल कसा उचलणार, तो बाहेर लॉकरमध्ये असतो. आत आणू देत नाहीत. …मला पण नाही. साहेब असलो म्हणून काय झालं! …बोल, बोल. मोकळाच आहे मी."

मोकळा तो मुळीच नव्हता. चार वाजता तळमजल्यावर कंपनीचं संग्रहालय उघडायचं होतं आणि पहिलं भाषण त्याचंच होतं. टेबलावर भाषणाची चार पानं, भाषणाखाली एक हिरवी फाईल. फाईल सकाळीच आली होती. वरचं नाव वाचून त्यानं भाषण तिच्यावर ठेवलं होतं. कागदानं कागद झाकला की जरा बरं वाटतं माणसाला.

"भाचीचं कळलं मला. …अगं ऐक ना, मी कुणाकडे शब्द टाकलेला नाही. तीन परीक्षा, दोन मुलाखती, सगळं तिचं तिनं केलंय. मामा इथे आहे हे तिनं कुणाला सांगितलंसुद्धा नाही. …हो, रडारच्या विभागात. …हुशार आहेच. तुझ्यावर गेलीय. …बरं, तिच्या बापावर. भांडू नकोस."

पलीकडे ती हसली असावी, कारण तोही हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"फॉर्म? …हो, पडताळणीचा. सगळ्यांनाच भरावा लागतो. …कितवा रकाना? …बारावा. हं."

बारावा रकाना त्याला तोंडपाठ होता. तो त्यानंच घालायला लावला होता. घरातलं कोणी पूर्वी या कंपनीत होतं का, आणि असल्यास सोडण्याचं कारण काय.

"काय लिहायचं म्हणतेस? …'आई गृहिणी', एवढंच? …नको. अगं, नको! रेकॉर्ड आहे इथे. लपवलंय म्हटल्यावर पोरीला दारातूनच परत पाठवतील. …थांब, थांब. तिला माहीतच नाही? तू इथे होतीस हेच माहीत नाही? …सव्वीस वर्षांत एकदाही?"

सव्वीस वर्षांपूर्वी ही कंपनी म्हणजे पत्र्याच्या दोन शेड होत्या. माणसं बासष्ट. सैन्यासाठी वायरलेस सेट बनवायचे आणि पाऊस आला की सेटवर आधी ताडपत्री घालायची, मग स्वतःच्या डोक्यावर. अक्का तिथे तपासनीस होती. प्रत्येक तपासनीसाचा स्वतःचा पितळी शिक्का असे, तिचा सात नंबरचा. सेट स्वतः तपासल्यावरच शिक्का मारायचा आणि जागेवरून उठताना तो ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावायचं. यात चूक झाली तर माफी नव्हती. धाकट्या भावाला तिनंच मॅनेजरच्या हातापाया पडून तिथे नोकरीला चिकटवलं होतं. आता माणसं अकरा हजार. रडार, ड्रोन, उपग्रहांचे भाग, काचेचा पूल एका इमारतीतून दुसरीत जाणारा. आणि या सगळ्यात धाकटा गुणवत्ता-प्रमुख. पोरंटोरं पाठीमागे त्याला किल्लीसाहेब म्हणतात.

"…नाही, लाज कसली त्यात? …अक्का, असं बोलू नकोस. …ड्रॉवर उघडा सापडला, माहितीय मला. पण म्हणून… ऐकतोय, बोल."

ती बोलत राहिली. त्यानं रिसीव्हर कानापासून बोटभर लांब धरला. तरी सगळं ऐकू येत होतं. दाढ ठणकत होती. कंपनीच्या दवाखान्याच्या खोलीत जाऊन पडले होते. कुलूप लावलं होतं असं शपथेवर सांगितलं असतं मी. पण परत आले तर ड्रॉवर उघडा.

"…हो. गॅस तीनदा बघतेस, दार तीनदा ओढतेस, माहितीय. …'अक्का तीनदा'. हो, ते नाव मीच पाडलं."

तिची नोकरी गेल्यानंतर, सहलीला निघालेल्या गाडीत पाडलं होतं ते नाव. ती तिसऱ्यांदा जिना चढून कुलूप बघायला गेली होती आणि तो खिडकीतून ओरडला होता, "अक्का तीनदा, चला आता!" सगळी गाडी हसली होती. तीही हसली होती, धापा टाकत.

दार किलकिलं झालं. सेक्रेटरीबाईंनी घड्याळाकडे बोट केलं.

"दोन मिनिटं, बाई. …नाही, तुला नाही गं, इथे एक बाई… हं. अक्का. ती पर्स माझ्याकडे होती. …पर्स. तपकिरी, चेन तुटलेली. 'धर जरा' म्हणालीस आणि दवाखान्यात गेलीस. …तेच सांगतोय. किल्ली त्यात होती."

इथे त्यानं थांबायला हवं होतं किंवा घाई करायला हवी होती. दोन्ही जमलं नाही. तो हिरव्या फाईलीचा कोपरा नखानं खरवडत राहिला.

"चाळीस सेट जायचे होते. ट्रक दारात, ड्रायव्हर हॉर्नवर बसलेला, फोरमन ओरडतोय. …नाही, शिक्का मार असं तो नाही म्हणाला. नुसता ओरडत होता. मारला मी. …एकही नाही तपासला. …हो, चाळीसच्या चाळीस. मग शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला, खोकी उचलली आणि पळालो. किल्ली परत पर्समध्ये. कुलूप लावायचं राहिलं. …अक्का? …आहेस ना?"

होती. मागे कुकर की काहीतरी शिट्टी देत होतं, ते कुणी बंद करत नव्हतं.

चाचणीत त्यातले अकरा सेट मुके निघाले. सातव्या शिक्क्याला बोलावणं आलं. तिची चौकशी चालली होती तेव्हा धाकटा बाहेर बाकावर बसून होता. ती काढून टाकल्याचा कागद घेऊन बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तू नीट काम कर हं, माझ्यामुळे तुझं नाव खराब व्हायला नको.

त्यानं नीट काम केलं. पुढच्याच महिन्यात त्यानं मॅनेजरला एक कागद नेऊन दिला: प्रत्येक ड्रॉवरला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. मॅनेजर खूश. परदेशातले ग्राहक बघायला आले तेव्हा त्यांना आधी ते ड्रॉवर दाखवले गेले. ऑर्डरी आल्या, शेड गेल्या, इमारती उठल्या. आज चार वाजता तो सांगणार होता ते हेच. सात नंबरचा शिक्का खाली काचेच्या पेटीत मांडलेला होता, शेजारी पाटी: 'पहिल्या पिढीची साधनं'.

"…त्या वेळी? घाबरलो. …नंतर? नंतर बढती मिळाली. मग घर. मग… कारण नाही गं काही. सांगितलं नाही, बस. …नाही, खरं सांगू? तू आज फोन केला नसतास तर आजही नसतं सांगितलं. भाषण केलं असतं आणि घरी गेलो असतो. …शिव्या दे ना. अक्का, शिव्या तरी दे."

त्यानं भाषणाच्या पानांखालून हिरवी फाईल ओढून काढली.

"ऐक. पोरीला खरं लिहायला सांग. आई इथे तपासनीस होती, शिक्का नंबर सात. तिची पडताळणीची फाईल माझ्याकडेच आहे. कारणाच्या जागी मी लिहून जोडतो, माझ्या सहीनं, आजच. …माझं काय व्हायचं ते होईल. …तिलाही मी सांगेन. ती मामा म्हणेल, नाही म्हणेल… हं. …हॅलो?"

मग तिनं एकच गोष्ट विचारली. धाकट्याला वाटलं होतं ती विचारेल का, किंवा कसा धजावलास. तिनं ते विचारलं नाही.

"…काय? …ड्रॉवर? मी आलो तेव्हा? …कुलूप होतं. तू लावलं होतंस. मी आधी नुसताच ओढून पाहिला, उघडेना, म्हणून तर पर्समध्ये हात घातला."

सेक्रेटरीबाई पुन्हा दारात. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. भाषणाची पानं सरकून खाली पडली होती.

"…हो, अक्का. लागलेलं होतं."

कुकरची शिट्टी थांबली. कुणीतरी बंद केला असावा.

"होतं गं. कुलूप होतं."

रिसीव्हरमधून आता नुसताच टूं-टूं आवाज येत होता. तिनं नेमकं कितव्यांदा ऐकून फोन ठेवला, ते त्याला कळलं नाही.